दहाची गोळी

४ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पाकीट काल पोहोचलं. गोळ्यांच्या दोन्ही रिकाम्या पट्ट्या नीट पाहिल्या, वहीत चिकटवल्या, खाली तारखा टाकल्या. तू हसशील, पण बसडेपोत बावीस वर्षं वेळापत्रकं लावणाऱ्या बाईकडून दुसरं काय होणार? गाडी सुटली असं कुणी नुसतं सांगून मी मानत नाही, मला नोंद दिसावी लागते. तुझ्या गाठीच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं, रोग परतू नये म्हणून गोळी सुरू होऊन एक. अजून चार वर्षं काढायची आहेत. फोन केला की तू बरी आहे म्हणतेस आणि सुटतेस, म्हणून हे पत्रांचं लचांड मी तुझ्यामागे लावलं. कागदावर चार ओळी तरी खरडाव्या लागतात.

आता मुद्द्याचं. इस्पितळात काही नवीन सुरू होतंय, रक्त तपासून गोळी कमीजास्त करणार, असं तू परवा म्हणालीस. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. कमी म्हणजे किती कमी? ज्या रोगाने आईला नेलं त्याच्याशी घासाघीस कसली करायची? आई नऊ महिने गाठ लपवून बसली. मी रोज विचारायचे, ती रोज बरं आहे म्हणायची, आणि मी मानायचे. ते मानणं मला अजून खातं. म्हणून तुझ्याकडे पट्ट्या मागते, राग मानू नकोस.

तुझे दाजी मजेत आहेत. तू करून दिलेल्या कवळीचं कौतुक सांगून लोकांचे कान किटवतात. परवा शेजाऱ्यांना दाखवायला ती तोंडातून काढणारच होते, मी डोळे वटारले म्हणून निभावलं.

हातांचं काय म्हणतंय तेही कळव. लोभ आहे तो तसाच ठेव आणि उत्तर लांबवू नकोस.

तुझी ताई

१३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन पट्ट्या सोबत आहेत. वहीत जागा उरली असेल तर चिकटव.

तू घाबरली आहेस म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ही गोळी सगळ्यांना वीसचीच, म्हणजे वीस मिलिग्रॅमचीच देतात, पण प्रत्येकीच्या अंगात ती सारखी मुरत नाही. एकीच्या रक्तात जेमतेम उतरते, दुसरीच्या रक्तात नको तितकी साठते. मग त्रास होतो, आणि त्रासाला कंटाळून कितीतरी बायका गोळी गपचूप सोडून देतात, घरच्यांना पत्ताही नसतो. सोडण्यापेक्षा मोजून द्यावी, रोगाला पुरेल आणि बाईला सोसेल इतकी, असा हा प्रकार आहे. अकरा एप्रिलला रक्त घेणार. तोवर गोळी रोज न चुकता घ्यायची, कारण सगळा हिशोब त्या आकड्यावरच. बाईंनी हे दोनदा बजावलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

हातांचं विचारलंस. सकाळी बोटं उघडत नाहीत. कोमट पाण्यात धरून बसते तेव्हा कुठे बटण लागतं. कवळीसाठी मेणात दात बसवायचे म्हणजे केसाएवढी चूक चालत नाही, आणि मेण कोरायची सुरी चिमटीत धरली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. त्यात बर्नरसमोर बसलं की अंगातून वाफा निघतात, मान भिजते, चष्मा धुरकट होतो. पुढच्या दातांचं काम बारा वर्षं माझं होतं. आमच्या कवळ्यांच्या लॅबच्या मालकांनी ते समोरच्या टेबलावरच्या नव्या बाईंना दिलं आणि मला साच्यांचं प्लास्टर कालवायला बसवलं. म्हणाले, तात्पुरतं. ताई, हातातलं काम गेलं तर मी कोण उरते, ह्याची मला रोगाइतकीच भीती वाटते. हे मी दुसऱ्या कुणापाशी बोललेले नाही.

दाजींना सांग की कवळी शेजाऱ्यांना दाखवायची नसते, तिने खायचं असतं.

माया असू दे, चौकशा जरा कमी असू देत.

तुझी बारकी

२५ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल आला. बाईंनी आकडा दोनदा पाहिला. म्हणाल्या, रक्तात हे औषध इतकं साठलेलं त्यांनी क्वचितच पाहिलं आहे, मग बोटं आखडणार नाहीत तर काय होणार. उद्यापासून वीसच्या जागी दहाची गोळी. तीन महिन्यांनी पुन्हा मोजतील.

रक्त द्यायच्या आधीचे तीन आठवडे फार वाईट गेले. पाय ओढत कामावर जात होते. एकदा तर मेणाचं भांडं हातातून सुटलं, थोडक्यात पाय वाचला. आता उतार पडेल असं बाई म्हणतात.

ते वाचून तुला आनंद झाला असेल तर तो मनातच ठेव, दारोदार सांगत फिरू नकोस. मला आनंद होत नाही. दहाची गोळी तळहातावर घेऊन पाहिली, ती इतकी लहान दिसली की भीतीच वाटली.

पट्ट्या पुढच्या पत्रात पाठवते. आठवण ठेव.

तुझी बारकी

१० मे

चि. बारकीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून खुर्चीत बसले ती पाव तास उठलेच नाही. निम्मी गोळी! मग पुन्हा वाचलं. बाईंनी अंदाजपंचे दिलेली नाही, तुझं रक्त मोजून दिली आहे, आणि मोजलेल्या गोष्टीपुढे मी मान तुकवते. भीती गेली असं नाही, जरा खाली बसली आहे. सांगू नकोस म्हणालीस, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊक आहे. डेपोतल्या दोघींना सांगून टाकलं.

आता इकडची भानगड. दाजींचं बिंग फुटलं. परवा बुटांचं पॉलिश शोधत होते, तर कपाटात त्यांच्या जुन्या मोज्यात गुंडाळलेली तुझी कवळी सापडली. विचारल्यावर गृहस्थ रडकुंडीला आले. खालची कवळी डाव्या बाजूला पहिल्या दिवसापासून टोचते म्हणे. दीड वर्ष! जेवताना खिशात, पाहुणे आले की तोंडात. आणि मी समजत होते की वयोमानाने सफरचंद सोडलं. तुझं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तशा दुखऱ्या हाताने तू ती केलीस, म्हणून तिला नाव ठेवायची त्यांना लाज वाटली. तुला कळवू नको म्हणून त्यांनी माझे हात धरले. तरी कळवते आहे, कारण आमच्या घरातल्या ह्या गप्प बसण्याचा मला आता वीट आला आहे.

पट्ट्यांची वाट बघते. प्रकृतीला जप आणि आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१७ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजींच्या कवळीचं वाचून आधी पोट धरून हसले. मग उठून दार लावलं आणि रडले.

आमच्याकडे असे लोक रोज येतात. कवळी बसवून दिली की म्हणतात छान, झकास. घरी जातात आणि काढून ठेवतात. कुठे टोचतं एवढं सांगितलं तर पाच मिनिटांत घासून देता येतं, आम्हाला त्यांच्या हिरड्यांत काय होतंय ते थोडंच दिसतं. बारा वर्षं मी अशा लोकांना मनातल्या मनात मूर्ख म्हणत आले. मी त्यांच्यातलीच निघाले.

आता खरं लिहिते, बसून वाच. गेल्या ऑक्टोबरपासून मी गोळी रोज घेत नव्हते. आधी एक दिवस चुकवली, दुसऱ्या दिवशी बोटं हलकी वाटली, खरी की मनाची ते माहीत नाही. मग दिवसाआड सुरू केलं. मोठं काम असलं की सलग तीन दिवससुद्धा नाही. तुझ्यासाठी पट्ट्या मात्र वेळेवर रिकाम्या करत होते. गोळ्या फेकायचा धीर होईना, म्हणून दातांच्या नमुन्यांच्या जुन्या डब्यात भरत गेले. फेकल्या असत्या तर पुढचं घडलं नसतं.

रक्त घेणार हे ठरलं आणि माझी पाचावर धारण बसली. आकडा कमी निघाला तर बाईंना कळेल आणि त्या तुला कळवतील. चोराच्या मनात चांदणं. तीन आठवडे मी त्या डब्यातल्या गोळ्या काढून रोज दोन-दोन घेतल्या, कधी तीन. वाटलं, मागचं राहिलेलं भरून निघेल. भरून कसलं निघतंय, उतू गेलं. बाईंनी तो आकडा खरा धरला आणि गोळी निम्मी केली.

दहाची गोळी मी रोज घेते, एकही चुकवत नाही. बोटं मोकळी झाली आहेत. गेल्या आठवड्यात वरचा अख्खा जबडा एका बैठकीत लावला आणि मालकांनी पुढचे दात मला परत दिले. आणि मला त्याचं सुख नाही. ही गोळी माझ्या मापाची नाहीच. तीन आठवडे रोज दोन-तीन गोळ्या खाणारी जी बाई होती, तिच्या मापाची आहे. मला खरी किती लागते हे कुणालाच ठाऊक नाही, आणि इतक्या महिन्यांत आत काय चाललं असेल तेही नाही. अंघोळ करताना हात काखेपाशी जातो आणि तिथेच थांबतो.

खरं सांगितलं तर बाई पुन्हा वीसवर नेतील, मोजून गोळी देण्याच्या यादीतून काढतील, हात जातील. नाही सांगितलं तर काय होईल ते वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं. ह्या वेळी पट्ट्या पाठवत नाही. काय करू ते सांग.

रागावलीस तरी चालेल, टाकू नकोस.

तुझी बारकी

२१ मे

चि. बारकीस,
अ. आ.

तुझं पत्र डेपोत उघडलं ही चूक केली. त्या दिवशी मी एकच गाडी एकाच वेळी दोन मार्गांवर लावली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. साहेब कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

आधी तुला तीन पानं शिव्या लिहिल्या, मग फाडल्या. मी भयंकर घाबरले आहे. दाजी विचारतात काय झालं, आणि मी काही नाही म्हणते, म्हणजे बघ, मीही त्यातलीच.

ह्यात माझा वाटा आहे. तुझ्या बोटांचं मी विचारायचे ते तोंडदेखलं, लक्ष सगळं पट्ट्यांवर. आईलाही मी तसंच विचारायचे. मला बरं आहे एवढंच ऐकायचं असायचं, आणि ते तिला कळायचं. तुम्हा दोघींना माझ्यापासून लपवावं लागलं, हे आज पहिल्यांदा कबूल करते. वही केरात टाकली. यापुढे पट्टी पाठवलीस तर तशीच परत करीन.

आता ऐक. बाईंना मी कळवणार नाही. फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. तूच सांगायचं. हात गेले तर प्लास्टर कालव, नाहीतर इकडे ये आणि माझ्या डोक्यावर मिरे वाट, मी हूं की चूं करणार नाही. पण ह्या खोट्या आकड्यावर एक दिवसही जास्त बसू नकोस. आई गेली तेव्हा मी तुला धरून उभी होते. तुझ्या वेळी मला धरायला कोणी नाही.

बाई गुरुवारी असतात. मी त्या दिवशी रजा टाकली आहे. बोलावलंस तर येईन, नाहीतर फोनजवळ बसून राहीन. राग आहे, माया त्याहून जास्त आहे.

तुझी ताई

३ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी गेले. तुला बोलावलं नाही, कारण तू आली असतीस तर बाईंशी तूच बोलली असतीस. फोनवर मी 'सांगितलं' एवढंच म्हणाले होते, आता नीट लिहिते.

बाकावर दीड तास बसले. आत गेल्यावर बाईंनी कसं चाललंय विचारलं आणि माझ्या तोंडून झकास असंच निघालं. त्या लिहायला लागल्या. तेव्हा मी म्हटलं की ते लिहू नका.

मग सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पेन खाली ठेवलं, खुर्ची जवळ ओढली आणि ऑक्टोबरपासून कुठल्या महिन्यात साधारण किती गोळ्या पोटात गेल्या ते विचारत गेल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. म्हणाल्या, चूक त्यांचीही झाली. रोज घेता ना, असं त्या विचारत आल्या, आणि त्याला कुठलीही बाई हो म्हणते. आठवड्यात किती चुकतात, असं विचारायला हवं होतं.

यादीतून काढणार नाहीत. वीसची रोज सोसत नाही हे आता खरोखर कळलं, म्हणाल्या. दहाचीच आठ आठवडे प्रामाणिकपणे घ्यायची, मग रक्त, आणि पुरत नसेल तर पायरी पायरीने वर. उरलेल्या गोळ्यांचा डबा आणायला लावला आणि ठेवून घेतला. मात्र इतके महिने असे गेले म्हणून तपासणी लगेच करायची. तपासणीत काही निघणार नाही ना, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, तपासल्याशिवाय त्या काही सांगणार नाहीत. खोटा का होईना, धीर दिला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी दिला नाही.

तपासणी सोळा तारखेला आहे. ताई, त्या दिवशी मात्र ये. येताना दाजींची कवळी आण.

तुझ्याच भरवशावर असलेली,
बारकी

१९ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ. वि. वि.

सुखरूप पोहोचले. तू आत गेलीस तेव्हा तुझी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तिचा बंद मी किती पिळला असेन ते घरी येऊन माझी बोटं पाहिल्यावर कळलं. तू बाहेर आलीस, मी बोटांचं विचारलं आणि तू म्हणालीस की आज वाईट आहेत, भीतीने जास्तच. तुला नवल वाटेल, पण ते वाईट ऐकून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

कवळी तू पाच मिनिटांत घासून दिलीस. दाजी कालपासून सफरचंदं फोडत बसले आहेत आणि मला त्या कुरकुर आवाजाचासुद्धा राग येतो. निकालाचा फोन वाजेपर्यंत ह्या घरात कुणी काही चावू नये असं वाटतं. आजच्या वेळापत्रकात तीन खाडाखोडी झाल्या. वाईट निघालं तरी आधी मला सांग, गोड करून सांगू नकोस.

जीव तुझ्याकडे ठेवून आले आहे, सांभाळ.

तुझी ताई

९ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तपासणी स्वच्छ निघाली हे सांगायला फोन केला तेव्हा तू जी रडायला लागलीस, ती दाजींनी फोन काढून घेईपर्यंत थांबली नाहीस. मला वाटलं, बाईंनी तुला वेगळंच काही कळवलं. पुन्हा असं करू नकोस.

आता दुसरा निकाल. आठ आठवडे दहाची गोळी रोज घेतली, एकही चुकवली नाही, आणि आकडा हवा त्याच्या बराच खाली आला. बाईंनी कागदावर रेघ मारली, इथपर्यंत हवं, आणि खाली ठिपका दिला, तुम्ही इथे आहात. म्हणजे एप्रिलपासून ज्या हलक्या बोटांवर मी काम करत होते, ती अपुऱ्या औषधाने हलकी होती. गप्प राहिले असते तर जुलैतल्या मोजणीलाही मी पुन्हा दोन-दोन गोळ्या खाऊन गेले असते. मी मला ओळखते. चार वर्षं त्या ठिपक्यावरच राहिले असते.

पंधराची सुरू झाली आहे. बोटं दहा वाजेपर्यंत आखडलेली असतात. मालकांना हेही खरं सांगितलं. ते म्हणाले अकराला या, पुढचे दात तुमचेच. अंगातल्या वाफा आहेत, वीसच्या वेळेइतक्या नाहीत. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त. सोसेल असं वाटतं. भीती आहे तिथेच आहे, तिला कसं घालवायचं ते मला कळलेलं नाही.

दाजींना नमस्कार. तुझ्या मायेवर चाललं आहे, ती चालू दे.

तुझी बारकी

२ सप्टेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी मी गोळी घेतली नाही.

विसरले नव्हते. हातात घेतली आणि परत ठेवली. समोर सहा पुढचे दात लावायचे होते, दुसऱ्या दिवशी ते एका शिक्षिकेच्या तोंडात जायचे होते, आणि बोटं सरळ होत नव्हती. दात चांगले लागले. संध्याकाळी हात धुताना भीती वाटली, कारण गेल्या ऑक्टोबरातही पहिला दिवस असाच चांगला गेला होता.

मंगळवारी घेतली. मग बाईंकडे फोन लावला आणि सोमवारची एक चुकवली म्हणून सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, भरून काढायला दोन घेऊ नका म्हणाल्या, वाईट सकाळी काय करता येईल ते गुरुवारी बसून बघू म्हणाल्या, आणि दुसरा रोगी थांबला होता म्हणून फोन ठेवला.

आता तुला सांगते आहे. सोमवारची एक. बाकी सगळ्या घेतल्या. आजची हे पत्र लिहायला बसण्याआधी घेतली. उद्याचं उद्या कळवीन, चुकली तर चुकली असंच कळवीन.

रागावलीस तर तेही लिही.

तुझी बारकी